मदत हवी आहे: कूलंट सेन्सर ठीक, तरी स्कॅनरवर उणे ४०

पेट्रोल गाडी, कोड पी०११८ (कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या तापमान सेन्सरचा सिग्नल प्रमाणाबाहेर जास्त). चावी ऑन करताच रेडिएटरचा पंखा सुरू, स्कॅनरवर तापमान कायम उणे ४०, म्हणजे सर्किट ओपन, कुठेतरी तुटलेलं. सेन्सर काढून मोजला: थंड असताना २.४ किलोओहम, ८० अंशांच्या पाण्यात ३१० ओहम. सेन्सर निर्दोष, नवा घेऊन पैसे घालवायचे नाहीत.

कनेक्टरच्या सिग्नल पिनवर ५ व्होल्ट येतात. दोन्ही पिना १ किलोओहमच्या रेझिस्टरने जोडल्या तरी आकडा हलत नाही. तोच रेझिस्टर सिग्नल पिन आणि बॅटरी निगेटिव्हमध्ये लावला की ४५च्या आसपास दाखवतो. म्हणजे सेन्सरची ग्राउंड वायर तुटलेली. त्याच ग्राउंडवर असलेल्या मॅप सेन्सरचं (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) रीडिंग मात्र बरोबर आहे, त्यामुळे तूट सामाईक जोडाच्या पुढेच असावी.

हार्नेस (वायरींचा गुंडाळलेला जुडगा) कुठून उघडावा? थर्मोस्टॅटजवळच्या वळणावर आधी बघू का? आणि नाशिकमध्ये, शक्यतो सातपूर-अंबडकडे, वायरिंगचं काम नीट करणारं कोणी सुचवा. नुसती टेप गुंडाळणारे नकोत.