लॅरी डोबीचं लीफ कार्ड (नंबर १३८): चुरगळलेलं घेऊ की कोरं करकरीत?

गवतातला_फिल्डर:
मंडळी नमस्कार. मी न्यू जर्सीत असतो, बेसबॉल कळायला लागला तो पोरगा लिटल लीग खेळायला लागल्यावर. एकदा पॅटरसनला गेलो होतो तर ईस्टसाइड पार्कात एक पुतळा दिसला, पोराने विचारलं बाबा हा कोण, आणि मला सांगता येईना. घरी येऊन वाचलं. लॅरी डोबी, याच गावात वाढलेला. बेसबॉलच्या दोन मोठ्या लीग, नॅशनल आणि अमेरिकन. आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ ला नॅशनल लीगमधे उतरला हे शाळेत शिकवतात, पण तीन महिने व्हायच्या आत, ५ जुलैला, डोबी क्लीव्हलंडकडून अमेरिकन लीगमधे उतरला, तिथला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. आणि रॉबिन्सनला आधी माँट्रिअलला खालच्या लीगमधे एक अख्खा सीझन तरी मिळाला होता, याला न्यूअर्क ईगल्स या कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या टीममधून उचलून थेट मैदानात. मग काय, याचं लीफ कंपनीचं जुनं बेसबॉल कार्ड पाहिजेच असं डोक्यात बसलं.

आता दोन समोर आहेत. एक पीएसए १ (पीएसए ही कार्ड तपासून १ ते १० ग्रेड देणारी कंपनी, १ म्हणजे सगळ्यात खालची), टोपीवरून आडवी घडी गेलीये, कोपरे पार गोल. दुसरं स्लॅबमधे, म्हणजे ग्रेडवाल्यांच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, नाही, सुटं आहे, कोपरे टोकदार, आणि वर ते एक तृतीयांश स्वस्त! बायको म्हणते स्वस्त आणि चांगलं एकत्र मिळत नाही. जाणकारांनी सांगावं.

जुना_गल्ला:
दादा, वहिनींचं ऐका.

आता जरा सविस्तर. लीफ ही तेव्हाची शिकागोची च्युइंगगमवाली कंपनी, गमबरोबर कार्डं द्यायची. सेटमधे कार्डं फक्त ९८ पण नंबर १६८ पर्यंत, मधले नंबर गाळलेत, त्यामुळे पोरं गम घेत राहिली असतील न छापलेलं कार्ड शोधत. त्यातली ४९ कमी छापली, त्यांना शॉर्ट प्रिंट म्हणतात. गंमत अशी की रॉबिन्सन (७९), डिमॅजिओ, टेड विल्यम्स, बेब रूथ यातलं कुणीच त्या कमीवाल्यांत नाही. डोबी आहे, सॅचेल पेज (८) आहे, बॉब फेलर (९३) आहे. म्हणजे डोबीचं कार्ड रॉबिन्सनपेक्षा दुर्मिळ, तरी त्याच ग्रेडला किंमत रॉबिन्सनचीच कितीतरी जास्त. मागणी पहिल्याला असते हो. बिचारा डोबी मॅनेजर झाला १९७८ ला, तिथेही दुसराच कृष्णवर्णीय, आणि पहिला कोण तर फ्रँक रॉबिन्सन! इथेही रॉबिन्सनच आडवा.

लीफचं प्रिंटिंग मुळात गचाळ, रंग सरकलेले, डाग पडलेले, त्यावरून नकली समजू नका. उलट फारच स्वच्छ दिसलं तर भिंग काढा. आणि अंधारात काळा दिवा (अल्ट्राव्हायोलेट) मारा, नवा कागद निळसर चमकतो, त्या काळचा मुकाट पडून राहतो.

बिगफन_बंड्या:
आमच्या लहानपणी बिग फन गमच्या क्रिकेट कार्डांवर आम्ही पेनाने मिशा काढायचो, आज रडतोय 😭 बाकी चालू द्या

सासवडची_सून:
सुट्या कार्डाचा माझा अनुभव सांगते. याच सेटमधलं एक साधं कार्ड घेतलं होतं कार्डांच्या एका शोमधे, असेच टोकदार कोपरे, विकणारे काका इतके गोड बोलत होते की भाव पण केला नाही मी. ग्रेडिंगला पाठवलं तर ग्रेडच नाही, कोपरे टोकदार दिसावेत म्हणून कडा कापलेल्या, म्हणून परत! घरी येऊन पट्टी लावली, कार्ड पावणेतीन इंचाला जेमतेम टेकत होतं. लीफचं माप २ ३/८ बाय २ ७/८ इंच, तेव्हा आधी पट्टी, मग पाकीट. आणि त्याच सेटमधलं दुसरं खात्रीचं कार्ड शेजारी धरून बघा, लगेच कळतं.

गवतातला_फिल्डर:
ताई, आज जाऊन मापलं. उंचीला बरोबर, पण रुंदीला एका बाजूने केसभर कमी, आणि ती कड बाकीच्या तिन्हींपेक्षा पांढरी. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे फॅक्टरीतच असं कापलं असेल. मी ठेवून दिलं. घडीवालं घ्यायचं ठरवतोय पण ती टोपीवरची घडी डोळ्यांत खुपते, खोटं कशाला बोलू.

जुना_गल्ला:
खुपत असेल तर थांबा. किंवा डोबीचंच १९४९ चं बोमन कंपनीचं कार्ड घ्या, नंबर २३३, तेही रुकीच (खेळाडूच्या सुरुवातीचं कार्ड), लीफपेक्षा पुष्कळ स्वस्त, त्या पैशात बऱ्या ग्रेडचं येईल. पण लीफच पाहिजे असेल तर १ ग्रेडमधेही चेहरा स्वच्छ असलेली सापडतात, घडी खाली नाहीतर मागे असते. लेबलवरचा आकडा नको बघू, तोंड बघ. आणि स्लॅबवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तपास, स्लॅबही खोटे निघतात हल्ली.

गवतातला_फिल्डर:
पोराला विचारलं. तो म्हणे बाबा, घडीवालंच घ्या, ते कुणीतरी खिशात घालून फिरलं असणार. शनिवारी जातोय, स्लॅबचा नंबर आधीच तपासलाय, बरोबर निघाला.

बिगफन_बंड्या:
फोटो टाका. मिशा काढू नका 😄