गोखल्यांना ‘अर्जवाले’ म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी १९११ चं विधेयक वाचा

कसबेकर
गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या जयंतीला इथे ‘शिवनेरीचा’ यांनी लिहिलं, की गोखले म्हणजे इंग्रजांपुढे अर्ज करणारा आणि वेळ आली तेव्हा माफी मागणारा माणूस, त्यांची नावं रस्त्यांना कशाला? गप्प बसणार होतो, पण राहवत नाही.

माफीचंच आधी घ्या. १८९७ साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेत होते. वय एकतीस. इकडे पुण्यात प्लेग, घरात शिरून झडती घेणारे गोरे सोल्जर. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं, की सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले. मुंबईत परतले तर पुरावा द्यायला एक माणूस पुढे येईना. पत्रं धाडणाऱ्यांची नावं सांगून मोकळं होता आलं असतं. नाही सांगितली. आरोप मागे घेतला आणि आयुष्यभर बोलणी खाल्ली. आगरकरांच्या ‘सुधारक’ पत्राची इंग्रजी बाजू सांभाळलेला माणूस होता तो. सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचं आणि खबर देणाऱ्याला उघडं पाडायचं नाही, ही पत्रकाराची दोन्ही पथ्यं त्यांनी पाळली. आजचे किती संपादक पाळतात?

आणि अर्ज? १६ मार्च १९११ ला त्यांनी व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. सहा ते दहा वर्षांची मुलं, ज्या बापाची कमाई महिना दहा रुपयांच्या आत त्याला फी माफ, दोन तृतीयांश खर्च सरकारचा. पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. सरकारी सभासद विरोधात गेले, जमीनदारही गेले. जिना आणि मालवीय बाजूने होते. संपादक असताना जे लिहिलं ते कायद्याच्या मेजावर नेऊन ठेवणारा त्या काळात दुसरा कोण होता, ते सांगा.

शिवनेरीचा
पथ्यं वगैरे ठीक. पण तारखा बघा ना. जूनमध्ये पुण्याच्या प्लेग अधिकाऱ्यावर, रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाखाली उचललं, आणि नेमक्या त्याच दिवसांत तुमचे नामदार सोल्जरांची बिनशर्त माफी मागतात. पुणं दहशतीखाली होतं. साक्षीला माणूस पुढे येणार कुठून? पुरावा नाही म्हणजे अत्याचार झालाच नाही, असं होत नाही. ‘पुरावा मिळाला नाही’ एवढं म्हणून थांबता आलं असतं. माझ्या पणजीची बहीण त्या प्लेगात गेली. सोल्जरांनी देवघरातले देव ओसरीवर फेकले, हे आमच्या घरात चार पिढ्या सांगितलं जातंय. ते खोटं का?

करवीरवासी
‘दुसरा कोण’ हे वाचून हसावं की रडावं! सयाजीरावांनी १८९३ ला अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ ला सबंध बडोदा संस्थानात नेलं. शाहू महाराजांनी १९१७ ला करवीरात केलं. आणि या सगळ्यांच्या आधी, १८८२ ला, जोतीराव फुल्यांनी शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे हीच मागणी मांडली होती. पुण्याच्या बाहेर महाराष्ट्र आहे, हे पुणेकरांना कधी कळणार?

कसबेकर
करवीरवासी, बडोद्याचा दाखला खुद्द गोखल्यांनी कौन्सिलातल्या भाषणात दिला होता. फुल्यांचं नाव मी घ्यायला हवं होतं, ते मान्य. पण राजाने हुकूम काढणं निराळं आणि परक्या सरकारच्या कौन्सिलात, जिथे बहुमत मिळणारच नाही, तिथे विधेयक मांडणं निराळं.

करवीरवासी
हुकूम काढणं सोपं होतं म्हणता? शाळेला पैसा कुठून आणायचा, मास्तर कुठले आणायचे, हे त्या राजांनी सोडवलं. तुमच्यांनी भाषण केलं.

वाडीतल्या_बाई
मधे बोलते, क्षमा असावी. गोखल्यांचं जन्मगाव कोतळूक आमच्याच गुहागर तालुक्यातलं. मी इथल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. तुम्ही १९११ वर भांडताय. इथे वीसच्या आत पट म्हणून शाळा गुंडाळायच्या गोष्टी चालल्यात. आमच्या शाळेतली पोरं आता दुसऱ्या वाडीत जातात. मधे पऱ्या आहे, ओढाच म्हणा. आषाढात साकवावरून पाणी जातं, तेव्हा दुसरीतली पोरगी जाणार कशी? आई सकाळीच कामावर गेलेली. मग पोरगी घरी, धाकट्याला सांभाळत. हजेरीपटावर तिच्या नावापुढे शून्यांची रांग.

आयटीवाला_नगरकर
बाई, भावना समजतात, पण सात पोरांसाठी दोन शिक्षक कुठल्या हिशेबात बसतं? माझी बहीण अशाच शाळेत शिकली, चौथीपर्यंत तिला धड वाचता येत नव्हतं. शेवटी तालुक्याला खोली घेऊन राहिलो, तेव्हा निभावलं. एक मोठी शाळा आणि गाडी द्या, पोरांचं भलंच होईल.

वाडीतल्या_बाई
गाडी कुठल्या रस्त्यावरून आणणार, ते सांगा! तुम्हाला तालुक्याला खोली परवडली. माझ्या वर्गातल्या पोरांचे बाप मुंबईला, घरी आजी आणि दोन शेरडं. हिशेब हिशेब काय करता? सरकारने १९१२ ला तेच म्हटलं होतं, खर्च झेपणार नाही.

आयटीवाला_नगरकर
मला इंग्रज सरकारच्या रांगेत बसवू नका. मीही जिल्हा परिषदेच्याच शाळेतला.

कसबेकर
नगरकर, पण मुद्दा तोच आहे. तिजोरीचं कारण गोखल्यांना सांगितलं गेलं, तेव्हा मिठावरच्या करापासून लष्करावरच्या खर्चापर्यंत प्रत्येक आकडा त्यांना पाठ होता. पैसा आहे, तो भलतीकडे जातो, हे दरसालच्या अंदाजपत्रकावर ते दाखवून देत. वाडीच्या साकवाला पैसे नाहीत म्हणणाऱ्याला आज तसे आकडे तोंडावर मारणारा एक आमदार दाखवा.

शिवनेरीचा
धागा कुठून कुठे गेला. बाईंचं पटतं. अंदाजपत्रकावरची भाषणं चांगली होती, हेही मानतो, नाइलाजाने. टिळकांनीसुद्धा स्मशानात त्यांना भारताचा हिरा म्हटलं, तिथे मी कोण. माफीवर मात्र तसूभर हलणार नाही.

मृण्मयी_प
सगळ्यांनी एक गोष्ट सोयीस्कर टाळली. ‘सुधारक’मध्ये संमतिवयाच्या कायद्याच्या, म्हणजे मुलींचं शरीरसंबंधाला संमतीचं वय वाढवण्याच्या बाजूने लिहिणाऱ्या गटातला हा माणूस. पहिली बायको हयात असताना १८८७ ला दुसरं लग्न केलं. पहिलीचा दोष एवढाच, की तिला कोड होतं. घरच्यांनी गळ घातली म्हणे. घरच्यांची गळ मोडायला सांगणं, यालाच तर सुधारणा म्हणत होते ना? आणि ते १९११ चं विधेयक नीट वाचा, सक्ती आधी मुलग्यांना, मुलींचं मागाहून. बाईंच्या हजेरीपटावरची ती पोरगी त्या कायद्यात पहिल्या दिवशी नव्हतीच.

कसबेकर
लग्नाचं समर्थन मी करणार नाही. विधेयकाचं करतो. मुलींना पहिल्याच दिवशी घातलं असतं तर तेरा मतंही पडली नसती.

मृण्मयी_प
तेरा पडून तरी काय झालं? पडलंच ना ते. पडायचंच होतं, तर मुलींना घेऊन पडायचं होतं.