मदत हवी आहे: बास्क अकॉर्डियन पुढे काय ऐकावं?

मंडळी, सध्या मी उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या त्रिकितिशा या लोकसंगीताच्या पार प्रेमात आहे. बटणांचा छोटासा अकॉर्डियन, साथीला पांदेरो नावाची खंजिरी आणि गाणं. बिल्बाओ शहरातला अकॉर्डियनवादक केपा हुनकेरा याचा १९९८ चा 'बिल्बाओ ००:००' हा अल्बम ऐकला आणि मग थांबवेना. उजव्या हाताला एकाच बटणावर भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा. पेटी वाजवणाऱ्याला हे ऐकूनच गरगरतं! त्यात ते तुटक, टणटणीत, तीन-तीनच्या झुपक्यातले सूर इतक्या वेगात येतात की बोटं कुठे आणि भाता कुठे, कळतच नाही.

हुनकेराने बऱ्याच परदेशी वादकांना सोबत घेतलंय, तेही सुंदरच आहे. पण मला आता जत्रेत, नाचासाठी वाजणारं जुन्या वळणाचं वादन हवंय. नुसते दोघं, अकॉर्डियन आणि पांदेरो. कुठल्या जोड्या ऐकाव्यात? फान्दांगो हा नाच तीनच्या ठेक्यात मोजता येतो, पण लगेच आरिन-आरिन हा दुसरा नाच सुरू झाला की माझी सम हरवते. ती कशी पकडायची? आणि बिल्बाओ किंवा सान सेबास्तियानकडे राहणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, हे प्रत्यक्ष ऐकायला कुठल्या महिन्यात यावं?