देवाची योजना आणि आपण पत्करलेले पर्याय

रानवेल:
देवाच्या योजनेशी विश्वासू राहणे म्हणजे उघड पाप टाळणे, असा सोपा अर्थ आपण बहुधा घेतो. माझ्या मते खरी कसोटी वेगळ्याच ठिकाणी लागते. देवाने जे द्यायचे कबूल केले आहे त्याच्यासारखेच दिसणारे, पण त्याच्या आधी हाती येणारे काहीतरी समोर उभे राहते तेव्हा आपण डळमळतो. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात मोशे डोंगरावरून उतरायला उशीर करतो म्हणून लोक त्याचा भाऊ अहरोन याला घेरतात, तो त्यांच्या कानांतली सोन्याची कुंडले मागून घेतो आणि पूजेसाठी वासराची मूर्ती घडवतो. इथपर्यंतची गोष्ट सर्वांना पाठ असते. पुढचे वाक्य मात्र आपण घाईने वाचतो: वेदी बांधून झाल्यावर अहरोन दवंडी पिटवतो की उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव आहे. म्हणजे देव सोडला, असे त्या छावणीत कोणी म्हणतच नव्हते. नाव तेच होते, सण तोच होता, फक्त वाट पाहणे तेवढे वगळले होते.

इस्राएलाचा पहिला राजा शौल याचेही तसेच. गिलगाल येथे त्याने संदेष्टा शमुवेल याची ठरल्याप्रमाणे सात दिवस वाट पाहिली, सैन्य पांगू लागले, शत्रू पलिष्टी समोर ठाकले होते, आणि त्याने स्वतःच होमार्पण केले. अर्पण आटोपते न आटोपते तोच शमुवेल येऊन पोहोचला. अर्पण देवालाच होते, हेतूही बहुधा वाईट नव्हता. तरी त्याचे राज्य टिकणार नाही हे त्याच क्षणी सांगितले गेले.

विवाह, नोकरी, मंडळीतील सेवा यांबाबत आपण 'दार उघडले' असे म्हणून जे पत्करतो, त्यातले किती खरोखर देवाचे असते आणि किती केवळ वाट पाहण्याचा कंटाळा असतो, यावर चर्चा व्हावी असे वाटते.

थोमा:
आपली उदाहरणे नेमकी आहेत, पण ती सारी पश्चातबुद्धीची आहेत. निकाल लागल्यावर कोणते वासरू होते आणि कोणते वचन होते हे सांगणे सोपे असते. अब्राहामाचेच पाहा, हागारेचा प्रसंग या विषयावरील प्रत्येक उपदेशात येतो. अब्राम (अब्राहामाचे आधीचे नाव) पंचाहत्तर वर्षांचा असताना हारान सोडून निघाला. कनानात दहा वर्षे राहूनही मूल झाले नाही, तेव्हा त्याची पत्नी साराय हिने आपली दासी हागार त्याला दिली आणि इश्माएल जन्मला तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा होता. या वेळेपर्यंत देवाने काय सांगितले होते? उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात एवढेच, की तुझ्या पोटचाच तुझा वारस होईल. तो सारेपासून (सारायचे पुढचे नाव) होईल हे प्रथम सतराव्या अध्यायात, म्हणजे अब्राम नव्याण्णव वर्षांचा झाल्यावर सांगितले जाते. वांझ पत्नीने पतीला दासी देण्याची तरतूद त्या काळी रूढ होती. आजच्या इराकमधील नुझी येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरील एका विवाहकरारातही ती आहे. मग उपलब्ध माहिती आणि मान्य रीत यांच्या आधारे निर्णय घेणाऱ्या या दोघांनी नेमकी कोणती आज्ञा मोडली?

माझी भीती वेगळी आहे. 'देवाचे सर्वोत्तम अजून यायचे आहे' या वाक्याच्या जोरावर समोरचे चांगले नाकारत राहायचे, आणि 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' या वृत्तीला विश्वासाचे नाव द्यायचे, हे मी पुष्कळ पाहिले आहे. असा सल्ला देणारे ज्येष्ठ पुढे त्याची जबाबदारी घेत नाहीत.

पाणवठा:
दोघांच्याही लिहिण्यात हागार ही 'प्रसंग' आहे, व्यक्ती नाही, हे मला खटकते. 'पर्याय' या शब्दाचा भार शेवटी कोणावर पडला? गरोदर असताना छळ असह्य होऊन ती रानात पळाली, आणि पुढे मुलासह भाकर व पाण्याची पखाल देऊन तिला घालवून देण्यात आले. ती पळाली तेव्हा रानातील झऱ्याजवळ परमेश्वराचा दूत तिला नावाने हाक मारतो. साराय आणि अब्राम तिचा उल्लेख केवळ 'दासी' असा करतात. देवाला 'मला पाहणारा' असे नाव ती देते, आणि त्यावरून त्या विहिरीला बैर-लहाय-रोई म्हणतात. ज्या मुलाला आपण सहज 'देहाची चूक' म्हणतो त्याच्यासाठीही देवाने मोठ्या राष्ट्राचे वचन दिले. मूळ धाग्याशी माझा फारसा मतभेद नाही. मात्र आपण घाईने पत्करलेल्या पर्यायात दुसरा माणूस गुंतलेला असेल, तर 'हा देवाचा बेत नव्हता' असे म्हणून त्याला रानात सोडता येत नाही.

रानवेल:
पाणवठा यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याने माझा मुद्दा दुबळा होत नाही, उलट पक्का होतो. पर्यायाची किंमत तो निवडणारा क्वचितच एकटा मोजतो.

थोमा यांच्या दोन्ही आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. अब्रामाने लेखी आज्ञा मोडली नाही, हे खरे. पण सोळाव्या अध्यायात कोणीही देवाला विचारत नाही, हेही तितकेच खरे. आधीच्याच अध्यायात हाच मनुष्य 'मला काय देणार? मी तर निःसंतान आहे' असे देवाला तोंडावर विचारतो आणि त्याला उत्तर मिळते. विचारण्याची सोय असताना त्याने साराचा शब्द ऐकला आणि मुकाट्याने पुढचे केले. आज्ञाभंग सापडत नसेल, पण संवाद तुटलेला तर दिसतोच.

दुसरे, वाट पाहणे म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९ व्या अध्यायाचे अकरावे वचन, म्हणजे 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत' या आशयाचे, आपण शुभेच्छापत्रांवर छापतो. त्याच्या अगदी आधीचे वचन बाबेलातील बंदिवासाची सत्तर वर्षे सांगते हे मात्र छापत नाही. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा परमेश्वराच्याच नावाने सांगत होता की दोन वर्षांत सर्व काही परत येईल, आणि त्याने यिर्मयाच्या मानेवरचे, बाबेलच्या सत्तेची खूण असलेले लाकडी जू काढून मोडून टाकले. सत्तर नकोत, दोन घ्या. यापेक्षा आकर्षक पर्याय मला तरी माहीत नाही! आणि यिर्मया बंदिवानांना काय लिहितो? घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, ज्या नगरात नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. हे काही आळशी माणसाचे वेळापत्रक नव्हे.

थोमा:
यिर्मयाचे उदाहरण मी स्वीकारतो, पण त्यातूनच माझा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बाबेलात घर बांधणाऱ्याकडे पाहून हनन्याचा अनुयायी हेच म्हणाला असता की हा पर्यायावर समाधान मानून बसला. कोण समाधान मानतो आणि कोण आज्ञा पाळतो, हे बाहेरून दिसत नाही. शिवाय देव पर्यायांनाही आपल्या कामात घेतो. 'इतर राष्ट्रांप्रमाणे आम्हाला राजा दे' ही मागणी म्हणजे मला नाकारणे आहे असे तो शमुवेलाला सांगतो, राजा तुमची मुले, शेते आणि दशांश घेईल असा इशाराही देतो, आणि तरी त्याच सिंहासनावर पुढे दावीद बसतो.

दाविदाचे उदाहरण आपल्याकडून येईल असे वाटले होते, म्हणून मीच घेतो. एन-गेदीच्या गुहेत दाविदाच्या जिवावर उठलेला शौल त्याच्या हाती आला, परमेश्वराने सांगितलेला दिवस हाच असे सोबती म्हणाले, आणि दाविदाने केवळ झग्याचा काठ कापला. तेवढ्यानेही त्याचे मन त्याला टोचले. उघडलेले दार त्याने नाकारले, हे आपल्या बाजूचे. पण शौलाला दुसऱ्यांदा सोडून दिल्यावर लगेच, १ शमुवेलाच्या २७ व्या अध्यायात, तोच दावीद मनाशी म्हणतो की एक दिवस मी शौलाच्या हातून मरणार, आणि शत्रू पलिष्ट्यांच्या देशात, गथाचा राजा आखीश याच्याकडे जाऊन एक वर्ष चार महिने राहतो. त्याबद्दल शास्त्र त्याला दोष देत नाही. हा पर्याय होता की शहाणपण?

रानवेल:
मी त्याला पर्यायच म्हणेन. उघड दोष दिलेला नाही, परंतु त्या सोळा महिन्यांचा हिशेब त्याच अध्यायात मांडला आहे. दावीद गशूरी, गिरजी आणि अमालेकी यांच्यावर धाडी घालतो, आखीशाला सांगतो की स्वतःच्याच यहूदा कुळाच्या दक्षिणेकडे घातल्या, आणि गथाला कोणी खरी हकीकत कळवू नये म्हणून स्त्री-पुरुष कोणालाच जिवंत ठेवत नाही. आसरा मिळाला, तो टिकवण्यासाठी खोटे आणि रक्तपात लागला. पाणवठा यांनी म्हटले तेच इथेही घडले, किंमत तिसऱ्यांनी मोजली. शेवटी आखीश त्याला इस्राएलाविरुद्धच्या युद्धाला सोबत नेतो.

थोमा:
आणि त्यातून त्याला सोडवतात ते पलिष्टी सरदार! त्यांचा दाविदावर विश्वास बसत नाही, म्हणून ते त्याला परत पाठवायला लावतात आणि स्वतःच्या लोकांवर शस्त्र उचलण्याची वेळ टळते. त्यात दाविदाच्या विश्वासूपणाचा वाटा मला काहीच दिसत नाही. उलट आपल्याला का परत पाठवता, म्हणून तो आखीशाशी वाद घालत होता.

पाणवठा:
तो वाद खरा होता की सोंग, हे मजकुरावरून ठरवता येत नाही. पण सरदारांच्या संशयाविषयी आपण म्हणता ते पटते. आपण निवडलेल्या चुकीच्या वाटेवर देव कधीकधी आपल्या वैऱ्याच्या हातून अडसर घालतो, आणि तेव्हा आपण बहुधा त्या अडसरावरच रागावतो.