मागच्या मालकाच्या नावावर आलेले रिकॉलचे पत्र

मधुरा: सर्वांना नमस्कार. आम्ही नुकतीच एक वापरलेली मिनीव्हॅन घेतली, हे आपल्याला ठाऊकच आहे. आज ग्लव्ह बॉक्स आवरताना कंपनीचे एक पत्र सापडले. ते आधीच्या मालकाच्या नावाचे असून सरकत्या दाराच्या लॅचमध्ये, म्हणजे दार बंद धरून ठेवणाऱ्या कडीत, दोष असल्यामुळे गाडी रिकॉल केली आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावली आहे, असे त्यात लिहिले आहे. गाडी विकणाऱ्या डीलरने याविषयी एक शब्दही काढला नव्हता. दोन्ही मुले मधल्या रांगेत, त्याच दारांजवळ बसतात, म्हणून मन धास्तावले आहे. ही दुरुस्ती झाली आहे की नाही, हे कसे समजेल? काका, आपण वाहनांच्या सुट्या भागांच्या गुणवत्ता विभागात इतकी वर्षे काम केले आहे, म्हणून मुख्यतः आपल्याला विचारते.

नचिकेत: रिकॉल प्रलंबित असलेली गाडी अमेरिकेत डीलरला विकताच येत नाही, असे मी ऐकले होते. मग दुरुस्ती झालीच असणार, नाही का?

अविनाशकाका: नचिकेत, हा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. रिकॉल प्रलंबित असताना नवी गाडी ग्राहकाच्या हाती देण्यास संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांवरही, म्हणजे ज्यांच्या ताफ्यात ३५ हून अधिक गाड्या आहेत त्यांच्यावर, जून २०१६ पासून तसेच बंधन आले. वापरलेल्या गाडीच्या विक्रीला मात्र संघराज्याच्या कायद्यात अशी आडकाठी नाही. त्यामुळे दुरुस्ती न झालेली गाडी राजरोस विकली जाऊ शकते, आणि पत्र मात्र नोंदणीच्या दप्तरात त्या वेळी ज्याचे नाव होते त्या मालकाकडे जाते. मधुराच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

मधुरा, आधी व्हिन क्रमांक, म्हणजे गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहा. तो १७ अक्षरे-अंकांचा असतो आणि चालकाच्या बाजूला, समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून वाचता येतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवरही तो असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीच नसतात, तेव्हा गोल दिसेल ते शून्यच समज. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकलास, की तुझ्याच गाडीचे प्रलंबित रिकॉल दिसतील. नुसते मॉडेल आणि वर्ष टाकून शोधू नकोस. त्याने त्या मॉडेलचे सगळे रिकॉल समोर येतात. त्यातले निम्मे तुझ्या गाडीला लागू नसतील आणि उगाच घबराट होईल.

शुभदाआत्या: अविनाश, मला एक स्पष्ट सांग. कंपनी स्वतःच गाडी परत बोलावते आहे, तर ती गाडीच मुळात सदोष म्हणायची ना? तिने ती परत करावी, असे मला वाटते. लहान मुलांचा प्रश्न आहे.

अविनाशकाका: आत्या, आपली काळजी रास्त आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. १९६६ च्या राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा कायद्यानुसार, सुरक्षेला बाधक असा दोष आहे हे उत्पादकाने ठरवले, की ५ कामकाजाच्या दिवसांत त्याला ते प्रशासनाला कळवावे लागते आणि त्यानंतर ६० दिवसांत मालकांना पत्रे पाठवावी लागतात. बहुतेक रिकॉल कंपन्या स्वतःहून जाहीर करतात. काही मात्र मालकांच्या तक्रारींवरून प्रशासनाने चौकशी सुरू केल्यावर होतात. प्रशासनाकडे दिलेल्या अहवालात, बोलावलेल्या गाड्यांपैकी अंदाजे किती टक्के गाड्यांमध्ये दोष प्रत्यक्ष असेल, हेही लिहिलेले असते. कधी तो आकडा १०० असतो, तर कधी १. तेव्हा रिकॉल झाल्यावरून गाडीची पारख करू नये. दुरुस्ती झाली की नाही यावरून करावी.

मिनीव्हॅनचे रिकॉल वेगळ्या नजरेने वाचावे लागतात, कारण तिचे हलणारे भाग नेमके मुलांच्या भोवती असतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये टोयोटाने २०११ ते २०१६ या वर्षांच्या सुमारे ७ लाख ४४ हजार सिएना गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या. दार सरकवणाऱ्या मोटरच्या सर्किटवर जास्त भार आला की फ्यूज उडत असे आणि त्या क्षणी लॅच सुटलेल्या स्थितीत असेल, तर चालत्या गाडीचे दार उघडण्याचा धोका होता. त्याच्या पुढच्याच वर्षी होंडाने २०११ ते २०१७ च्या सुमारे ८ लाख ओडिसी बोलावल्या. तिथे दुसऱ्या रांगेतील सीट काढून पुन्हा बसवताना किंवा आडवी सरकवताना नीट अडकली नाही, तर ब्रेक लावताच ती पुढे कलंडू शकत होती. कुटुंबे ज्या सोयीसाठी ही गाडी घेतात, त्या सोयीतच हे दोष दडलेले होते. म्हणून मधुरा, पत्रातले दोषाचे वर्णन शांतपणे वाच आणि तो दोष कोणत्या कृतीने जागा होतो, हे त्यात शोध; दुरुस्ती होईपर्यंत ती कृती टाळता येते.

मधुरा: काका, व्हिन टाकून पाहिले. दोन रिकॉल प्रलंबित दिसतात. दाराचा रिकॉल दुरुस्तीसाठी उपलब्ध आहे. दुसरा एअरबॅगचा असून उपाय अद्याप उपलब्ध नाही, असे लिहिले आहे. म्हणजे त्याबाबत वाट पाहणे एवढेच आपल्या हाती आहे का? आणि आम्ही पहिले मालक नाही, तर खर्च कोण करणार?

अविनाशकाका: खर्चाची चिंता नको. रिकॉल गाडीला लागू असतो, मालकाला नाही. त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत डीलरकडे, गाडी कोठूनही घेतलेली असली तरी, दुरुस्ती विनामूल्य होते. कायद्यातील हे बंधन पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंत असते, आणि तुझी गाडी त्या मुदतीत नक्कीच बसते. वॉरंटी संपल्याचे कारण कोणी सांगितले, तर ते मान्य करू नकोस. रिकॉलचा आणि वॉरंटीचा संबंध नाही. आधीच्या मालकाने हीच दुरुस्ती पदरमोड करून घेतली असेल आणि त्याच्याकडे पावती असेल, तर पत्रात दिलेल्या मुदतीत त्याला पैसे परत मागता येतात, हेही त्याला कळवता आले तर कळव.

दाराची वेळ उद्याच ठरव. फोनवर रिकॉलचा क्रमांक सांग; त्यातले पहिले दोन अंक वर्षाचे आणि त्यापुढचे व्ही हे अक्षर वाहनाचे असते. सुटा भाग हाताशी आहे ना, हे विचारूनच गाडी ने, नाहीतर दिवस वाया जातो. काम झाल्यावर त्या क्रमांकाचा उल्लेख असलेली पावती घे आणि जपून ठेव.

एअरबॅगबाबत नुसती वाट पाहू नकोस. पत्रात किंवा संकेतस्थळावर गाडी चालवू नका, अशी सूचना आहे का, ते आधी पाहा. अशी सूचना असेल, तर गाडी जागची हलवायची नाही आणि ती ओढून नेण्याची किंवा बदली गाडीची सोय कंपनीकडे मागायची. तशीच दुसरी सूचना बाहेर उभी करण्याची असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिडच्या २०१७ आणि २०१८ च्या सुमारे १६ हजार ७०० गाड्यांच्या मालकांना गाडी चार्ज करू नका आणि घरापासून दूर, उघड्यावर ठेवा, असे सांगण्यात आले होते, कारण बंद करून उभ्या केलेल्या गाड्यांनाही आग लागल्याच्या घटना घडल्या होत्या. या दोन्ही सूचना नसतील, तर गाडी वापरता येते. तरीही त्या एअरबॅगसमोरच्या सीटवर कोणाला बसवणे टाळता आले, तर टाळ.

नचिकेत: काका, एअरबॅग म्हटले की त्या बनवणारी टकाटा कंपनी आठवते. ते प्रकरण आता मिटले असेल ना?

अविनाशकाका: पूर्ण मिटलेले नाही, आणि मधुराने ते समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. टकाटाच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग क्षणात फुगवणाऱ्या भागात, अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्णता, दमटपणा आणि वय यांमुळे ते खराब होते आणि एअरबॅग उघडताना धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे माणसांच्या अंगात घुसतात. अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरवर रिकॉल निघाला, दोन डझनांहून अधिक माणसे दगावली. २०११ ते २०१४ च्या सिएनाही त्यात होत्या. सुट्या भागांची इतकी टंचाई होती, की काही गाड्यांत तात्पुरता उपाय म्हणून त्याच प्रकारचा नवा इन्फ्लेटर बसवला गेला आणि पुढे तोही बदलावा लागला. म्हणून “एअरबॅगचे काम एकदा झाले आहे” या तोंडी आश्वासनावर विसंबू नये, व्हिन पुन्हा तपासावा.

त्या यादीच्याही मर्यादा आहेत. झालेल्या दुरुस्त्या तिथे दिसत नाहीत, १५ वर्षांपूर्वीचे रिकॉल दिसत नाहीत, आणि अगदी नव्याने जाहीर झालेल्या रिकॉलमध्ये सगळे व्हिन चढायला वेळ लागतो. वर्षातून दोनदा तपासण्याचा नेम ठेव.

शुभदाआत्या: मुलांसाठी गाडीत वेगळ्या बसवतात त्या सुरक्षा सीटचे काय? त्यांनाही रिकॉल असतो का?

अविनाशकाका: असतो, आत्या, आणि तो गाडीच्या व्हिनमध्ये कधीच दिसत नाही. सीटसोबत आलेले नोंदणीचे कार्ड भरले असेल, तरच कंपनीला पत्ता माहीत असतो. मधुरा, सीटच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहून कंपनीकडे नोंदणी कर. गाडीच्या कंपनीलाही मालक बदलल्याचे आजच कळव, म्हणजे एअरबॅगचा उपाय तयार झाल्याचे पत्र जुन्या पत्त्यावर जाणार नाही.

मधुरा: दोन्ही नोंदण्या आज रात्री करते. दाराच्या कामानंतरही लॅच नीट लागत नसेल, तर कोणाला सांगायचे?

अविनाशकाका: आधी त्याच डीलरला लेखी कळव, मग एनएचटीएसएकडे तक्रार नोंदव. दार कोणत्या वेगात आणि कोणत्या स्थितीत असताना सुटले, ते तपशीलवार लिही. दुरुस्तीच अपुरी असल्याचे अनेक तक्रारींतून दिसले, तर प्रशासन त्या रिकॉलचीच चौकशी करू शकते. तोपर्यंत त्या बाजूची सीट रिकामी ठेव.