मदत हवी आहे: देवबाग की भोगवे? समुद्र आणि कर्ली नदी दोन्ही जवळ असलेला चांगल्यातला तंबू (आई आणि लहान मुलगी सोबत)

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सात वर्षांची मुलगी आणि माझी आई, मालवणच्या बाजूला दोन-तीन रात्री राहायला जायचं म्हणतोय. लेकीला हॉटेल नकोय, तंबूतच राहायचंय. आणि आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जमिनीवरची गादी, वाकून आत शिरायचं, बाथरूमला रात्री टॉर्च घेऊन लांब जायचं, यातलं काहीच तिला जमणार नाही. म्हणून ते ग्लॅम्पिंग म्हणतात तसलं शोधतेय, नीट उंचीचा पलंग, पंखा, तंबूलाच जोडून कमोडवालं बाथरूम. फोटो सगळ्यांचेच सुंदर आहेत पण फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी तिथे राहून आलेल्यांनाच माहीत असणार, म्हणून इथे विचारतेय.

कर्ली नदीच्या मुखाशीच राहायचं हे ठरलंय. आईला लाटांच्या जवळ जायची भीती वाटते पण नदीकाठी खुर्ची टाकून दिली तर ती सकाळची संध्याकाळ करेल, आणि लेकीला वाळू आणि लाटा सोडून दुसरं काही नको. तारकर्लीच्या पुढे देवबाग म्हणजे जमिनीची नुसती अरुंद पट्टी, एका बाजूला समुद्र दुसऱ्या बाजूला कर्ली आणि टोकाला संगम, म्हणजे दोघींचं एकाच जागी भागतं. समोरच्या काठाला भोगवे, तिथेही एका अंगाला नदी आहेच, आणि गर्दी कमी असं ऐकलंय.

आता अडचण इथेच आहे. देवबागला वॉटर स्पोर्ट्सच्या बोटी, जेट स्की, त्सुनामी बेटावर (संगमाजवळचा वाळूचा पट्टा) जाणाऱ्यांची रांग, हे सगळं दिवसभर चालतं म्हणे, मग नदीकाठी शांत बसणं होतं का? की संगमापासून मागे, तारकर्लीच्या बाजूला नदीकाठी गेलं की आवाज कमी होतो? उलट भोगव्याला शांतता मिळेल पण रात्री आईला काही त्रास झाला तर मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात पोचायला नदीला वळसा घालून नेरूरपारच्या पुलावरून यावं लागणार, होडीने पाच-दहा मिनिटांचं अंतर असलं तरी रात्री होडी कोण काढणार. कुडाळ त्या बाजूने बरं पडेल का? माझा कल सध्या देवबागकडे आहे तो याच कारणासाठी.

तारखा मी तिथी बघून ठरवतेय, त्यात कुणी जाणकाराने डोकं घातलं तर फार बरं होईल. आमच्या शेजारच्या काकांनी हिशोब शिकवलाय, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याचा पाऊणपट करायचा म्हणजे भरतीची वेळ मिळते, मुंबईत असं येतं आणि मालवणला त्याच्या थोडं आधी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती अकरा-बाराच्या सुमाराला, पाणी खूप वर येणार आणि लेकीला खेळायला वाळूच कमी उरणार. अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार चढत-उतरत नाही, पण ओहोटी दुपारी बाराच्या उन्हात. म्हणून मला पंचमी-षष्ठीच्या आसपासचे दिवस बरे वाटताहेत, सकाळी नऊ-दहाला ओहोटी म्हणजे त्सुनामी बेटाची वाळू उघडी असताना ऊन चढायच्या आत जाऊन यायचं, आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती असताना खाडीत कांदळवनाच्या कडेने कयाक किंवा होडी, कारण ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो. भरती उतरायला लागली की संगमाच्या तोंडाशी ओढ खूप असते त्यामुळे तिकडे संध्याकाळी पाण्यात उतरायचंच नाही हे घरात आधीच सांगून ठेवलंय. हा हिशोब देवबागला बरोबर लागू पडतो का, का नदीच्या आत शिरल्यावर वेळ बदलते?

बोटींबद्दल मनापासून विचारतेय. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला होता, ते डोक्यातून जात नाही. आम्ही स्कूबा करणार नाही, फक्त नदीतली फेरी. पण सात वर्षांच्या मुलीला बसेल अशा मापाचं लाइफ जॅकेट तिथल्या बोटवाल्यांकडे असतं का? मोठ्यांचं ढगळ जॅकेट घालून पट्टे आवळले तर पाण्यात ते वर सरकतं आणि काही उपयोग होत नाही, म्हणून घरूनच विकत घेऊन यावं का? आणि गुडघ्याने अधू माणसाला बोटीत चढायला धक्का आहे की गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचत गट वल्ह्यांच्या होडीतून कांदळवन दाखवतो, ते आईला जास्त झेपेल असं वाटतं, इंजिनाचा आवाज पण नाही. कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर सांगा ना, चढ-उतार कशी आहे.

तंबूबद्दल: दुपारी आत बसवतं का? एसी लावलेले कापडी तंबू गार राहतात की नुसतं बिल वाढतं? माझ्या मते नारळी-पोफळीच्या सावलीतला पंखेवाला तंबू उघड्या वाळूवरच्या एसीवाल्यापेक्षा बरा, पण अनुभव नाही. पहाटेच्या दवाने अंथरूण ओलसर होतं का? नदीकाठी डास किती? लाईट गेली तर इन्व्हर्टर असतो का? बाथरूमचं पाणी नीट शोषखड्ड्यात जातं की सरळ नदीत, हे मालकाला विचारणारच आहे, आणि नदीत जात असेल तर तिथे राहणार नाही. तसंच हा कासवांचा हंगाम, ऑलिव्ह रिडले कोकण किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, पिल्लं दिव्यांच्या उजेडाने समुद्राऐवजी उलटीकडे जातात, त्यामुळे वाळूवर रात्रभर लायटिंगच्या माळा लावणारे कॅम्प मला नकोत. समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवणारं कुणी माहीत असेल तर जरूर सुचवा, दोन पैसे जास्त देऊ.

प्रवास ठाण्याहून कुडाळपर्यंत ट्रेनने, पुढे रिक्षा किंवा गाडी. कोकणकन्या किंवा तुतारी, रात्रीची, आईला खालचा बर्थ मिळायलाच हवा. आंगणेवाडीची जत्रा साधारण फेब्रुवारीतच येते आणि तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, त्या दिवसांत गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात आणि मालवण तालुक्यात राहायलाही जागा मिळत नाही, म्हणून यंदाची तारीख जाहीर झाली असेल तर प्लीज कळवा, ते दिवस टाळूनच पंचमी बघते.

जेवणाची काळजी नाही, आई शाकाहारी आहे पण घावणे, उसळ, सोलकढीवर ती खूश असते. फक्त कॅम्पवाले शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यात करतात का एवढं सांगा.

ट्रेनचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि पहिल्या काही मिनिटांत वेटिंग लागतं, त्यामुळे मला सगळ्यात आधी काठ कुठला आणि भरतीचा हिशोब बरोबर आहे का एवढी दोन उत्तरं हवी आहेत, बाकीचं सवडीने लिहिलंत तरी चालेल. एखाद्या ठिकाणाबद्दल वाईट अनुभव असेल आणि इथे उघड लिहायचं नसेल तर व्यनि (खासगी निरोप) करा.