‘मोबी डिक’मधला ‘पाला’ काढला म्हणून चित्रपट चांगला झाला? मला अजिबात मान्य नाही

खाडीकाठ

परवा इथल्याच एका सदस्याने १९५६ च्या ‘मोबी डिक’वर लिहिलं. जॉन ह्यूस्टनने दिग्दर्शित केलेला, ग्रेगरी पेक कॅप्टन अहाब, म्हणजे आपला पाय तोडणाऱ्या देवमाशाच्या सूडाला पेटलेला कप्तान, असलेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हर्मन मेलव्हिलच्या मूळ कादंबरीच्या १३५ प्रकरणांतली कितीतरी प्रकरणं देवमाशांच्या जाती, चरबी, हाडं, दोर यांच्या माहितीने भरली आहेत, ह्यूस्टनने हा पाला काढून फेकला म्हणून आतली खरी गोष्ट दिसली. खाली एकामागून एक ‘सहमत’, ‘सहमत’. दोन दिवस गप्प राहिलो, पण आता लिहितोच.

त्या पाल्यातलं साठावं प्रकरण घ्या. फक्त दोरावर आहे. हार्पूनला, म्हणजे देवमाशावर फेकायच्या भाल्याला, बांधायचा दोर, जाडी इंचाच्या दोन-तृतीयांश, लांबी दोनशे वावांहून जास्त, जवळजवळ तीन टनांचा ताण सोसणारा. तो टबात गोल गोल बसवायला कधी कधी अख्खी सकाळ घालवतात. कारण एक जरी पीळ राहिला तर सुटताना तो कुणाचा हात, पाय, नाहीतर सगळा माणूसच ओढून नेईल. टबातून दोर होडीच्या मागच्या खुंट्याला वळसा घेतो आणि वल्ही मारणाऱ्यांच्या मनगटांना घासत पुढे नाळेकडे जातो. म्हणजे होडीतला प्रत्येक जण त्या दोराच्या फासात बसलेला असतो. या प्रकरणात कुणी मरत नाही. मेलव्हिल फक्त दाखवून ठेवतो.

मग पंचाहत्तर प्रकरणांनी, अगदी शेवटी, तोच दोर अहाबच्या मानेभोवती पडतो आणि तो होडीतून जातो. आरडाओरडा नाही. तो गेला हे बाकीच्यांना कळायच्या आत गेलेला असतो. अख्ख्या कादंबरीच्या नायकाचं मरण एवढ्या थोडक्यात, आणि तरी अंगावर काटा येतो. साठाव्यात दोर समजून घेतला नसता तर आला असता का?

चित्रपटात काय होतं? अहाब देवमाशाच्या अंगावर दोरांत गुंततो, मासा बुडी मारून वर येतो, अहाबचा मेलेला हात हलत राहतो आणि खलाशांना वाटतं तो बोलावतोय. दृश्य जबरदस्त आहे. पण कादंबरीत माशाला जखडलेलं ते प्रेत अहाबचं नाहीच, त्याच्या होडीतल्या फेदल्ला या पारशी हार्पूनवाल्याचं आहे. फेदल्ला चित्रपटात नाही. दोराचं प्रकरण नाही. म्हणून एकाचं मरण उचलून दुसऱ्याला द्यावं लागलं. याला पाला काढणं म्हणायचं?

तिसरीघंटा

ती पोस्ट माझी होती. नाव घेऊन लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

मी बावीस वर्षं एडिटिंग करतोय. दोन तासांच्या आत १३५ प्रकरणं बसवायची जबाबदारी तुमच्यावर कधी आलीय? पटकथा लिहिणाऱ्या रे ब्रॅडबरीने तर कबूल केलं होतं की हे काम येईपर्यंत त्याला ती कादंबरी पूर्ण वाचता आली नव्हती. तिथून त्याने जे उभं केलं ते बघा. आणि त्याआधी हॉलिवूडने काय केलं होतं? १९३० च्या चित्रपटात जॉन बॅरीमोरचा अहाब देवमाशाला मारतो आणि घरी येऊन प्रेयसीला भेटतो. ह्यूस्टनने निदान सगळ्यांना बुडवायचं धैर्य दाखवलं.

माहिती कापली म्हणता, ती रंगात आहे. छायाचित्रकार ऑसवाल्ड मॉरिसने रंगीत आणि कृष्णधवल प्रतिमा एकत्र करून सगळा चित्रपट जुन्या छापील चित्रांसारखा फिका केला. मदेरा बेटांजवळ खरी शिकार चित्रित केली. पडद्यावर माहिती अशी येते, कुणी सांगून नाही.

एका मराठी कादंबरीच्या मालिकेवर काम करताना लेखकाच्या घरच्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं, कारण आम्ही ‘आजोबांचं शेत’ हे प्रकरण गाळलं. त्या शेतात काही घडतच नव्हतं! पुस्तकावर प्रेम करणाऱ्या लोकांना चित्रपट नको असतो, त्यांना पानं हलताना बघायची असतात.

जुनावाचक

खाडीकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणि आपल्या लोकांनी तरी ही प्रकरणं गाळा म्हणू नये. पंचावन्नावं प्रकरण वाचा. देवमाशाचं जगातलं सर्वांत जुनं चित्र कुठे आहे म्हणतो मेलव्हिल? घारापुरीच्या लेण्यांत! विष्णूचा मत्स्यावतार, भिंतीवर कोरलेला. मुंबईच्या समोरचं बेट अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कादंबरीत १८५१ साली आलंय आणि आपण त्याला पाला म्हणतोय.

ग्रँटरोडवाली

खाडीकाठ, फेदल्ला नाही म्हणून तुम्ही हळहळताय. मी पारशी आहे. लिहिते मराठीत, कारण ग्रँट रोडच्या चाळीत मराठी शेजाऱ्यांत वाढले. कॉलेजात ही कादंबरी हातात घेतली आणि ‘पारशी’ शब्द दिसल्यावर मला इतका आनंद झाला की पानाला खूण केली. मग पुढे वाचलं. ओठांतून बाहेर आलेला एक पांढरा दात, डोक्यावर स्वतःच्याच पांढऱ्या केसांचा फेटा, जहाजाच्या पोटात लपवून आणलेला माणूस. जहाजावरचा अधिकारी स्टब म्हणतो हा सैतानच आहे, शेपूट गुंडाळून खिशात ठेवतो. आग म्हणजे आमच्याकडे पावित्र्य, इथे ती सैतानाशी केलेला करार. मी पुस्तक तिथेच बंद केलं, पुढची सहा वर्षं उघडलं नाही.

त्या काळात खरे पारशी काय करत होते ते ऐका. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले. त्यांच्या पिढ्यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची जहाजं बांधली. १८१७ मध्ये जमशेटजी बोमनजींच्या देखरेखीखाली उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. मुंबईत बांधलेल्याच ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ चा नानकिंगचा तह झाला. जहाजांवरच्या कादंबरीत पारशी आणायचाच होता तर सुतार आणायचा, त्याच्या हातात तासणी द्यायची. ह्यूस्टनने कुठल्याही कारणाने का असेना, त्याला वगळलं ते बरं केलं. परत आणू नका.

उरणकर

जुनावाचक, घारापुरीत मत्स्यावतार कुठल्या भिंतीवर आहे? माझं आजोळ बेटावरच्या शेतबंदरात. लहानपणी सुट्टीत त्या लेण्यात लपाछपी खेळलोय. सदाशिव आहे, अर्धनारीश्वर आहे, गंगाधर, अंधकासुरवध, कल्याणसुंदर, नटराज, योगीश्वर. सगळं शैव लेणं आहे ते. मासा नाही. मेलव्हिल तिथे कधी आलेला नाही, कुठल्यातरी पुस्तकातून उचललंय त्याने.

आणि आमच्या बेटाचं नाव जगभर झालं याचा आम्हाला काय उपयोग झाला तेही सांगतो. १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. वीज कधी आली? २०१८ मध्ये. समोर मुंबई रात्रभर झगमगतेय आणि आजी कंदिलात मासे साफ करतेय, हे मी बघितलंय. जनरेटर संध्याकाळी साडेतीन तास. दहावीचा अभ्यास मामेभावाने उरणला येऊन केला.

जुनावाचक

उरणकर, विजेचा आणि मेलव्हिलचा काय संबंध? मी ‘मेलव्हिल म्हणतो’ असं लिहिलं होतं. तो म्हणतो, एवढंच.

उरणकर

तुम्ही ‘आपल्या लोकांनी तरी’ असं लिहिलं होतंत. आपलं काही तिथे असेल तर आपल्या लोकांनी! नसलेली मूर्ती आहे म्हणून छाती फुगवायची आणि बेटावर माणसं राहतात ते विसरायचं. मला राग त्याचा आहे. तुम्ही बेटावर शेवटचे कधी गेलात?

जुनावाचक

शाळेच्या सहलीत. १९७९. ठीक आहे, मूर्तीबद्दल तुमचं बरोबर. पण अभिमानाबद्दल मी माफी मागणार नाही. त्याने चुकीचं का होईना, पण कोरलेल्या दगडात देवमासा शोधला आणि शोधत शोधत इथपर्यंत आला. त्याच प्रकरणात तो पुढे म्हणतो की देवमाशाचं खरं चित्र कुणालाच काढता येणार नाही. चित्रपट काढणाऱ्यांनी तरी ते प्रकरण वाचायला हवं होतं.

तिसरीघंटा

घारापुरीवर वेगळा धागा काढा ना. मुद्दा दोराचा होता. खाडीकाठ, उत्तर द्या: तुम्ही काढलात तर साठावं प्रकरण पडद्यावर कसं आणाल? मागून कुणीतरी दोराची लांबी वाचून दाखवणार?

बोटीवाला

खाडीकाठ उत्तर देतील तेव्हा देतील, आधी मी लिहितो. मर्चंट नेव्हीत डेकवर एकतीस वर्षं काढली, चार वर्षांपूर्वी उतरलो.

सेकंड ऑफिसर होतो. बंदराला लागताना मागचं मूरिंग, म्हणजे जहाज दोरांनी धक्क्याला बांधणं, माझ्याकडे. त्या दिवशी बाहेरून उसळी येत होती, जहाज धक्क्यापासून सरकत होतं, पुन्हा येत होतं. दोर ताणला की आवाज करतो. आधी कुरकुर, मग बारीक शिट्टीसारखा, मग आवाज बंद होतो. आवाज बंद झाला की पळायचं. मी ओरडलो. तीन जण पळाले. चौथा दापोलीकडचा एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, होता, तो दोराच्या वेटोळ्यावरून उडी मारताना अर्धा क्षण अडखळला. दोर तुटला तो दिसत नाही. फक्त धाड असा आवाज झाला आणि तो पाच-सहा फूट पलीकडे पडला होता. नडगीची दोन ठिकाणी शकलं. कंपनीच्या चौकशीत लिहिलं गेलं की तो धोक्याच्या रेषेच्या आत उभा होता. बस. सहा जणांचं काम चार जणांकडून करून घेतलं जात होतं हे मी जबानीत सांगितलं, ते कागदावर आलं नाही. तो परत बोटीवर चढला नाही.

म्हणून तिसरीघंटा, ‘पाला’ हा शब्द मला लागला. जहाजावर माणसं वादळाने कमी आणि असल्या सामानाने जास्त जखमी होतात. विंच, दोर, शिडी, हॅचची झाकणं. मेलव्हिल स्वतः १८४१ मध्ये ‘अकुश्नेट’ या देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून गेला होता, वल्हं मारून आला होता, म्हणून तो दोरावर अख्खं प्रकरण लिहितो. समुद्रावरचे चित्रपट मी बोटीवर भरपूर बघितले. सगळ्यांत लाटा मोठ्या असतात आणि दोर मागे कुठेतरी टांगलेले असतात.

पडद्यावर कसं आणायचं विचारताय? टबात दोर भरणारा एक म्हातारा खलाशी पाच मिनिटं दाखवा. प्रत्येक वेटोळं हाताने चाचपणारा. जवळून बोटं दाखवा, त्यातलं एक नसू दे. बोलायची गरज नाही.

तिसरीघंटा

बोटीवाले काका, दुपारपासून तुमचं लिहिलेलं डोक्यातून जात नाहीये. ‘पाला’ शब्द मागे घेतो. तुमची ती पाच मिनिटं कुठल्याही निर्मात्याने मला कापायला सांगितली असती, आणि खरं सांगतो, मीही कापली असती. दोन मिनिटं मात्र ठेवली असती, आता नक्की ठेवली असती.

पण शेवटाबद्दल मी हटणार नाही. तो हलणारा हात बघून अहाबचा पहिला अधिकारी स्टारबक, जो सबंध चित्रपटभर विरोध करत आला, तोच शिकार चालू ठेवायला सांगतो. कादंबरीत शेवटच्या दिवशी तो जहाजावरच असतो. त्याला होडीत आणून त्याच्याच तोंडून तो हुकूम देववणं ही भर आहे, तोडफोड नाही.

खाडीकाठ

स्टारबकचं मान्य. नाइलाजाने, पण मान्य.

बोटीवाले काका, तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं उत्तर दिलंत. मी एवढंच जोडतो की तो म्हातारा दिसल्यावर पहिल्या शिकारीत, एकसष्टाव्या प्रकरणात आहे तसा, दोर इतक्या वेगाने धावू दे की त्याच्यावर पाणी मारावं लागेल. मग अहाबचं मरण जसंच्या तसं ठेवता येईल.

ग्रँटरोडवाली ताई, फेदल्लाचं तुमचं वाचून मी अडलोय. तो दात आणि ती शेपूट मलाही नको. पण भाकितं त्याच्याकडे आहेत: तो अहाबच्या आधी जाणार, दोन शववाहिका दिसणार, आणि अहाबला फक्त दोरच मारू शकेल. अहाब हसतो, त्याला वाटतं फासाची गोष्ट आहे. हे काढलं की दोर नुसता अपघात उरतो.

ग्रँटरोडवाली

चित्रपटात भाकीत आहेच की, ते एलायजाच्या तोंडी दिलंय, बंदरावर: अहाब मरेल, तासाभरात उठेल, बोलावेल, आणि एक सोडून सगळे त्याच्या मागे जातील. एलायजालाच दोराचंही सांगू दे. एका समाजाला सैतान केल्याशिवाय दोर कथेत येत नसेल तर ती लिहिणाऱ्याची अडचण आहे, माझी नाही. आणि मी सहा वर्षांनी पुस्तक पूर्ण केलं होतं, दोनदा. मला ते आवडतं. म्हणूनच एवढं लागतं.

तिसरीघंटा

आत्ताच साठावं आणि ११७ वं लागोपाठ वाचून उठलो. खाडीकाठ, ११७ मध्ये फेदल्ला नुसतं ‘दोर’ म्हणत नाही, ‘हेम्प’ म्हणतो, म्हणजे भांगेच्या जातीतल्या वाखाचा. आणि तुमच्या लाडक्या साठाव्यात मेलव्हिल स्वतःच सांगतो की अमेरिकन जहाजांवर आता हेम्प जाऊन जवळजवळ सगळीकडे मनिला, म्हणजे वेगळ्याच वाखाचा दोर, आलाय. मग अहाबला मारलं कुठल्या दोराने?

खाडीकाठ

हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं. पुस्तक शेजारी आहे, उघडतो.

बोटीवाला

आम्ही मनिलाला मनिलाच म्हणायचो. पण माझे पहिले बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, जुने माणूस, ते हाताला येईल त्या दोराला हेम्पच म्हणत.